तानूमावशीच्या गोळ्या

"आ कर," मी म्हणाले.

तानूमावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेडमधल्या बायकांकडे. एप्रिल महिना, सकाळचे अकरा वाजलेले. पॅकिंगच्या लांब टेबलावर जरबेराची फुलं पसरली होती, लाल, नारिंगी, पिवळीजर्द, आणि सात-आठ बायका एकेका फुलाला प्लास्टिकची टोपी चढवत होत्या. त्यांचे हात चालू राहिले. बोलणं मात्र थांबलं.

"हितं?" मावशीनं विचारलं.

"इथंच. चारचौघांसमोर द्यायच्या, असं सांगितलंय साहेबांनी."

तिनं गोळ्या तळहातावर घेतल्या, एकेक करून गिळल्या, वर तांब्याभर पाणी प्यायली. मग तोंड उघडलं. मिश्रीनं काळे पडलेले दात, कडेला दोन जागा रिकाम्या.

"जीभ उचल."

तिनं उचलली.

"गाल."

तिनं स्वतःच बोट घालून आधी डावा गाल बाहेर ओढला, मग उजवा. टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. मावशीनं बोट पदराला पुसलं, तोंड पुसलं, आणि पॉलिहाउसच्या दाराकडे चालू लागली. आत पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर नुकतेच सुरू झाले होते. पडदा सारून ती आत शिरली. चार पावलं दिसली, पाचव्या पावलाला नव्हती.

याला आता बारा वर्षं होतील. मी, मंदा गराडे, तेव्हा आमच्या गावची आशा कार्यकर्ती होते. बाळंतपणं, लसी, ताप, खोकला, सगळ्यासाठी लोक माझ्या दारात यायचे. गाव मावळात, धरणाच्या वरच्या अंगाला. टेकडीच्या उतारावर पुण्याच्या कुणा माणसानं फुलांची पॉलिहाउस उभी केली होती, दुधी प्लास्टिकची सहा लांब घरं. गावातल्या निम्म्या बायका तिथं कामाला.

तानूबाई धोत्रे वडारवस्तीतली. वय विचारलं तर "पन्नाशी आली असंल" म्हणायची. कळत्या वयापासून तिनं खडी फोडली होती. पुढं खाणीवर क्रशर आला, तेव्हा त्याच्या तोंडाशी उभी राहून वीस वर्षं पाट्या ओतल्या. नवराही तिथंच काम करायचा, चाळिशीत धापा टाकत गेला. तिच्याही छातीत दगडाची धूळ बसली होती. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही धूळ आता निघायची नाही, जपून राहा.

म्हणून पॉलिहाउसमधलं काम मिळालं तेव्हा तिला स्वर्ग सापडल्यासारखं झालं. ऊन चढलं की वरच्या नळ्यांतून बारीक सूं सूं आवाज सुरू व्हायचा आणि आतली हवा हळूहळू पांढरी होत जायची. ते पाणी खाली पडायचं नाही, तरंगत राहायचं. चालताना आपलाच हात आपल्याला परका वाटायचा. लाल फुलांची रांग आधी गुलाबी व्हायची, मग तिथं लाल काही होतं एवढं नुसतं आठवत राहायचं. मावशी त्या पांढऱ्यात उभी राहून डोळे मिटून श्वास घ्यायची.

"मंदे," ती म्हणायची, "तिकडं धूळ खाल्ली. हितं ढग खाते."

दसऱ्याच्या आसपास तिचा खोकला वाढला. संध्याकाळी ताप यायचा, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी तिची थुंकी तपासायला दिली. जंतू सापडले. टीबी म्हणून नोंद झाली, तिच्या नावाचा औषधांचा खोका माझ्या घरी आला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, मी समोर उभं राहून तिला गोळ्या द्यायच्या, अशी पद्धत होती तेव्हा.

घरात सून लता. तिला सहावा महिना होता. मुलगा अंकुश फुलांचा टेम्पो घेऊन सदा रस्त्यावर. मी निदान सांगितलं त्याच दिवशी मावशीनं आपलं अंथरूण, ताट-वाटी, तांब्या उचलला आणि पॉलिहाउसच्या पंपाच्या खोलीत राहायला गेली. कुणी जा म्हणालं नव्हतं. लता तिच्या मागं मागं अर्ध्या वाटेपर्यंत गेली.

"आत्याबाई, पडवीत झोपा. तिथं कुठं जाताय?"

"पडवी घराचीच असतीया," मावशी म्हणाली. "तू फिर माघारी."

जानेवारीत मुलगी झाली, रेणू. लता तिला घेऊन पॉलिहाउसच्या बाहेर यायची. मावशी आत, ती बाहेर, मधे ते दुधी प्लास्टिक. लता बाळाला दोन्ही हातांत उचलून प्लास्टिकजवळ धरायची. आतून बाळ दिसायचं नाही, एक छोटीशी सावली दिसायची, आणि ती हलली की मावशीही हलायची. मी एकदा आतच होते. फॉगर चालू होते, मागं फुलं विरघळत चालली होती, आणि ती बाई प्लास्टिकवर हात ठेवून उभी होती.

"कुणासारखी दिसतीया गं?" तिनं मला विचारलं.

"नाक तुझं आहे."

"माझं नगं. आईवर जाऊ दे."

पाच महिने झाले, गोळ्या चालू, थुंकी पुन्हा तपासली. जंतू तसेच. खोकला तसाच, ताप तसाच.

मार्चमध्ये लोखंडे साहेब आले. ते आमच्या भागातले टीबीचे सुपरवायझर. निवृत्तीला आलेला, मऊ बोलणारा माणूस. उपकेंद्राच्या व्हरांड्यात बसून त्यांनी वही उघडली.

"आशाताई, गोळ्या पोटात गेल्या असत्या तर असं होत नाही."

"गेल्यात साहेब."

"प्रत्येक? तुम्ही स्वतः पाहिल्या?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वरून तपासणी यायची आहे. मला विचारतील, तेव्हा मी काय सांगू? एक तर पेशंट गोळ्या बुडवतोय, नाही तर गोळ्या देणारी बुडवतेय. तिसरं काय असणार?"

ते मला धमकावत नव्हते. त्यांना खरंच तिसरं काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण "गोळ्या देणारी" हा शब्द माझ्या पोटात गेला. घरात माझा शब्द चालायचा तो या कामामुळं. गावात कुणी मला नावानं हाक मारायचं ते या कामामुळं.

"एका बुधवारी धुकं फार होतं," मी म्हणाले. "आतमध्ये. नीट दिसलं नाही."

"हं," ते म्हणाले. "मग तसं लिहू."

कागद त्यांनीच लिहिला. मी वाचला, आणि वाचून सही केली.

त्यानंतर मावशीचं औषध पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं, वर इंजेक्शनं. आणि गोळ्या देताना चारचौघांसमोर तोंड तपासायचं ठरलं. आठवड्यातून तीनदा मी तिला शेडमध्ये उभी करायची. बायका पुढं पुढं हसेनाशा झाल्या, पण त्यांनी तिच्याजवळ बसणंही सोडलं. "औषध थुंकून टाकती, आणि आपल्यात येऊन खोकती," असं मी माझ्या कानांनी ऐकलं.

मावशी माझ्याशी बोलायची ती कामापुरतं. फक्त एकदा, मे महिन्यात, गोळ्या गिळून झाल्यावर ती माझ्याबरोबर दारापर्यंत आली.

"मंदे, मला एक सपान पडतंय," ती म्हणाली. "माझ्या पोटात खडीचा ढीग हाय. पांढरी खडी. मी जवळ जाऊन बघते तर त्या गोळ्या. समद्या तशाच पडल्यात, एक बी इरगळली न्हाई. मी पाटी भरभरून बाहेर काढते, पण ढीग काय कमी हुईना."

"ताप असेल," मी म्हणाले.

"असंल." ती माझ्याकडे वळली. "तू खरं सांग. मी गिळते न्हवं गोळ्या? का मलाच वाटतंय?"

मी म्हणाले, "इंजेक्शनाला उशीर होतोय, मावशी." एवढंच म्हणाले.

जुलैत एका दुपारी लता धावत मला न्यायला आली. प्लास्टिकवर पाऊस असा वाजत होता की पॉलिहाउसमध्ये एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मावशी जरबेराच्या वाफ्याशेजारी बसली होती, पदर तोंडावर दाबून. पदर लाल झाला होता. तिच्याभोवती तोडलेली लाल फुलं पडली होती, आणि क्षणभर मला वाटलं की सगळंच तिच्या तोंडातून आलंय. ती माझ्याकडे बघून मानेनंच नाही, नाही म्हणत होती. जवळ येऊ नको म्हणत होती.

मी तिला अंकुशच्या टेम्पोतून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीच्या विभागात डॉक्टर तस्नीम बागवान होत्या. तिशीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी जुना एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी दिव्यावर लावले आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"मावशी, खाणीवर होतात का?"

"व्हय. तुमास्नी कसं कळलं?"

"दिसतंय इथं," त्या म्हणाल्या.

रक्त थांबलं. थुंकी मशीनवर तपासली. मशीननं सांगितलं, टीबीचा जंतू नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत होते, आणि मशीन म्हणत होतं, नाही. बाई म्हणाल्या, आणखी दोनदा थुंकी घेऊ, जंतू वाढवून बघू, दीड-दोन महिने लागतील. तोवर जुन्या गोळ्या बंद.

ते दोन महिने मला सलग आठवतच नाहीत. तुकडे आठवतात. मी सोमवारी सवयीनं पॉलिहाउसवर जायची, शेडच्या दाराशी पोचल्यावर लक्षात यायचं की आज काही द्यायचं नाहीये. मावशी पंपाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली असायची. आम्ही दोघी समोरच्या पांढऱ्या घरांकडे बघत राहायचो.

गणपती झाल्यावर बोलावणं आलं. मी आणि मावशी सकाळच्या एसटीनं गेलो.

बागवानबाईंनी मावशीला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःची खुर्ची टेबलाच्या मागून काढून तिच्यासमोर आणली.

"मावशी, तुम्हाला टीबी नाही. नव्हताच."

मावशी बघत राहिली.

"हा जंतू टीबीच्या जंतूच्या भावकीतला आहे. काचेखाली दोघं सारखेच दिसतात, बारीक लाल काड्या. म्हणून फसायला झालं. हा पाण्यात असतो, मातीत असतो. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या श्वासातून आत जातो आणि तसाच निघून जातो. पण तुमची छाती दगडाच्या धुळीनं आधीच खराब झालेली. तिथं त्याला घर करायला जागा मिळाली."

"त्या धुक्यातून आला का?" मी विचारलं.

"सांगता यायचं नाही. धुक्यातून आला असेल, कुंडीतल्या मातीतून, घरच्या नळातूनही. पण यापुढं त्या धुक्यात जायचं नाही. आणि टीबीच्या गोळ्यांनी हा बरा होणार नव्हता. एक-दोन गोळ्या त्यातल्याच राहतील, एक नवीन, पण रोज घ्यायच्या. थुंकी साफ झाल्यावर पुढं वर्षभर. वेळ लागेल."

मावशीनं हे सगळं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तिनं विचारलं, "आन् पोरीला?"

"कुठल्या पोरीला?"

"नात हाय माझी. आठ म्हैन्यांची. म्या अजून हात लावला न्हाई तिला."

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "हा माणसातून माणसाला होत नाही, असंच धरून चाला. आज घरी गेलात की घ्या तिला."

मावशीनं आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. भेगाळलेले, जाड हात. मला वाटतं ती तेव्हाच बाळाला घेऊन बसली होती.

बागवानबाई फाइल चाळू लागल्या. "एक कळत नाही मला," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये थुंकी साफ झाली नव्हती, तेव्हाच इकडे पाठवायला हवी होती. उजव्या फुफ्फुसातली ही पोकळी तेव्हा एवढी नव्हती. चार महिने का थांबलात?" त्यांना तो कागद सापडला. त्या मोठ्यानं वाचू लागल्या. "'रुग्ण औषधे नियमित घेत नाही. गोळ्या तोंडात लपवून नंतर थुंकून टाकत असल्याचे आढळले आहे.' म्हणून पुढची तपासणी थांबवलेली दिसते. खाली सही आहे, मंदा गराडे." त्यांनी वर पाहिलं. "या कोण?"

"मी," मी म्हणाले.

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मावशी बघत नव्हती. तिनं फक्त मांडीवरचे हात मिटले.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. घाट लागला. खिडकीबाहेर ढग रस्त्यावर उतरले होते, झाडं यायची आणि विरून जायची.

"तुला दिसलं न्हवतं?" ती खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली.

"दिसलं होतं."

"समदं?"

"एकूण एक गोळी, मावशी."

मला थांबता येईना. मी सांगत गेले. त्या बुधवारी धुकं होतं हे खरं. मी दारातून हाक मारली, तू पांढऱ्यातून चालत आलीस, माझ्यापासून दोन हातांवर उभी राहिलीस. म्हणालीस, "दिसतंय न्हवं तुला? न्हाई तर भाईर येते." मी म्हणाले, दिसतंय. तू गिळल्यास, वर पाणी प्यायलीस. मला सगळं दिसलं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा माझं काम जाईल अशी भीती वाटली. दोघींपैकी एकीला खोटं ठरायचं होतं. मी तुझं नाव दिलं.

एसटी वळणं घेत राहिली.

"मला वाटलं, मलाच याड लागलं," मावशी म्हणाली. "रातध्याड मी इचार करायची. गिळते तर खरं, मग जातंय कुठं?" तिचा आवाज चढला नाही. "तू एक डाव म्हणली असतीस, मावशी, गिळतीस तू. येकटीला, कानात. तरी बी चाललं असतं."

मला माफ कर असं मी म्हणाले की नाही, ते आठवत नाही. म्हणाले असेन तर ते तिनं ऐकलं नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. लता अंगणात धुणं वाळत घालत होती, रेणू खाली गोधडीवर बसलेली. मावशी अंगणाच्या कडेला थांबली. इतक्या महिन्यांनी तिचे पाय पुढं जाईनात. मी लांबूनच लताला सांगितलं, टीबी नाहीये, पसरणारं काही नाहीये, बाळाला द्या म्हणाल्यात डॉक्टर. लतानं हातातलं ओलं लुगडं तसंच खाली टाकलं, पोरीला उचललं आणि सासूच्या हातात दिलं.

रेणूनं त्या अनोळखी चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि भोकाड पसरलं. आईकडे हात करून अंग ताणायला लागली. लता घ्यायला पुढं झाली.

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "रडू दे. बोलतीया माझ्यासंगं." आणि तिला छातीशी धरून ती अंगणात येरझाऱ्या घालू लागली. पोर रडत होती, मावशीला धाप लागत होती, आणि दोघींपैकी कुणीच थांबत नव्हतं.

मी निघाले. कुंपणापाशी आले तेव्हा मागून हाक आली.

"मंदे."

मी वळले.

"नव्या गोळ्या कधीपासनं?"

"उद्यापासून. पण त्या तुझ्या तू घ्यायच्या. समोर कुणी लागत नाही आता."

"तू येयाचं," ती म्हणाली. "रोज सकाळी. म्या तोंड उघडणार न्हाई, काय न्हाई. तू नुसतं उभं ऱ्हायचं आन् बघायचं."

दुसऱ्या दिवशी मी आधी शेडमध्ये गेले. बायका टोप्या चढवत होत्या. मी टेबलाशी उभी राहून सांगितलं की तानूमावशीनं एकही गोळी थुंकली नव्हती, मी ते पाहिलं होतं, आणि कागदावर खोटं लिहून दिलं होतं. फुलं सरकत राहिली. मग मी तेच एका कागदावर लिहून लोखंडे साहेबांकडे नेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"आता कशाला, आशाताई?" ते म्हणाले. पण त्यांनी कागद परत केला नाही, फाइलला लावला. नंतर ते मावशीला भेटूनही आले, असं मला लताकडून कळलं. काय बोलले ते मी विचारलं नाही.

माझं काम गेलं नाही. मला कुणी जाब विचारला नाही. मी ज्याला घाबरले होते, त्यातलं काहीच झालं नाही.

आणि मी रोज जात राहिले. सकाळी आठला. मावशी चुलीपासून उठून यायची, तळहात माझ्यासमोर धरायची, गोळ्या गिळायची, पाणी प्यायची, वळून आत जायची. दसरा गेला, थंडी आली, एकदा मला ताप होता तेव्हाही गेले. चौथ्या महिन्यात थुंकी साफ आली. तिच्या अंगावर थोडं मांस चढलं. मालकानं तिला धुक्याबाहेर, शेडमध्ये काम दिलं, आणि बायका तिच्याजवळ सरकून बसायला लागल्या. रेणू चालायला लागली, मग आजीचा पदर धरून दारात उभी राहून माझ्याकडे बघायला लागली. मावशी मात्र माझ्याशी बोलत नव्हती. रागानं नाही. तिला जे बघायला लावायचं होतं ते ती लावत होती, आणि मी बघत होते. ती गिळायची तेव्हा गळ्याची एक शीर हलायची. आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता डोळे मिटले तरी दिसते.

सोळा महिन्यांनी बागवानबाईंनी गोळ्या बंद केल्या. जानेवारीतल्या एका सकाळी मावशीनं शेवटच्या गोळ्या घेतल्या आणि तांब्या खाली ठेवला.

"झालं," ती म्हणाली. "उद्यापासनं नगं येऊस."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी तिच्या अंगणात होते. मुद्दाम ठरवून गेले असं नाही. वस्तीवर धुकं होतं, धरणावरून येतं तसलं, खरं धुकं, आणि पाय त्या वाटेनं गेले. मावशी उंबऱ्यात रेणूच्या केसांना तेल लावत बसली होती.

"गोळ्या न्हाईत आता," ती म्हणाली.

"माहितीये."

"मग?"

मी उभीच राहिले, गेले सोळा महिने जिथं उभी राहत होते तिथंच. तिनं पोरीची वेणी संपवली, टोकाला दोरा बांधला, तिला बाजूला केलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बस," ती म्हणाली. "च्या ठेवते."

ती भिंतीला धरून उठली. आत जाताना तिला खोकला आला, कोरडा, दगडाचा, जो कुठल्याही गोळीनं जाणार नव्हता. मी उंबऱ्यावर बसले. रेणू माझ्याशेजारी येऊन बसली, आणि आतून मावशीनं विचारलं, "साखर किती घालू गं तुला? कधी इचारलंच न्हाई."